तयार आराखड्यावर सही करण्याआधी: सामूहिक वनहक्काच्या जंगलाचं नियोजन आणि कामांची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, ४१२ हेक्टरचा सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन दोन वर्षं झाली. एका संस्थेनं सत्तर पानांचा, दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा करून दिलाय. त्यात ६० हेक्टर रोपवन, ९० हेक्टरवर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले अखंड चर), दरवर्षी ४०,००० बांबूंची तोड आणि शेवटी कोटीच्या घरातलं अंदाजपत्रक आहे. पुढच्या ग्रामसभेत मंजुरीचा ठराव यायचाय. समितीचे सचिव विचारतायत की सही करू का, आणि करण्याआधी तपासू काय?

आहे तसा मंजूर करू नका, फेकूनही देऊ नका. तुमच्या वर्णनावरून हाती आलेली वस्तू म्हणजे कामांची यादी आणि खर्चाचा तक्ता आहे. जंगलाच्या कुठल्या तुकड्यात आज काय आहे, तिथून किती न्यायचं, किती ठेवायचं, कुणी राखायचं आणि बिघडतंय हे कशावरून ओळखायचं, हे ज्यात लिहिलंय तो आराखडा. पैसा मिळाला नाही तरी ज्यातली निम्मी पानं उपयोगी पडतात, तो कागद मी आराखडा मानतो. तुमच्या सत्तर पानांतून अंदाजपत्रक काढून टाका आणि काय उरतं ते बघा.

पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. जंगलात बांबू आहे की नाही, कक्ष (वन विभागानं क्रमांक देऊन पाडलेले जंगलाचे भाग) वन विभागाकडे होते की वनविकास महामंडळाकडे, जंगलाचा काही भाग अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात येतो का, शेजारच्या गावांची वहिवाट किती, यावर उत्तर बदलतं. मी कोरड्या पानझडीचं, साग-येन-धावडा-मोह-तेंदू असं मिश्र आणि काही भागात मानवेल बांबू असलेलं जंगल धरून लिहितोय. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या वाचकांनी आकडे तसेच उचलू नयेत, पद्धत उचलावी.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. नियम ४(१)(ङ) प्रमाणे ग्रामसभा आपल्यातूनच समिती नेमते. ४(१)(च) प्रमाणे ती समिती संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि वन विभागाच्या सूक्ष्म आराखड्याशी किंवा वर्किंग प्लॅनशी (जंगलातल्या कामांच्या विभागीय आराखड्याशी) त्याची सांगड घालते, समितीला आवश्यक वाटतील त्या बदलांसह. ४(१)(छ) प्रमाणे वाहतूक परवाने, विक्रीच्या उत्पन्नाचा वापर आणि आराखड्यातले बदल या तिन्हींवर समितीच्या निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी लागते. म्हणजे आराखडा समितीचा, मोहोर ग्रामसभेची. संस्था मदतनीस. ‘आम्ही करून दिला, तुम्ही फक्त ठराव घ्या’ हा क्रम उलटा आहे.

दोन ठिकाणी गावं हमखास अडकतात. एक, ग्रामसभा म्हणजे इथे तुमच्या गावाची किंवा टोल्याची (पाड्याची) सभा, गटग्रामपंचायतीची नव्हे. कोरम सदस्यांच्या निम्म्याचा आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया. सह्यांचा कागद मोजून ठेवा, कारण पुढे कुणाला ठराव पाडायचा असला तर पहिला हात तिथेच जातो. दोन, गौण वनोपजात बांबू, तेंदू, मध, लाख, औषधी वनस्पती येतात. इमारती लाकूड येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय जंगलात झाडतोड करता येत नाही. आराखड्यात ‘साग विरळणीतून उत्पन्न’ असं कुठे दिसलं तर ते पान आधी बाजूला काढा. त्या एका ओळीमुळे चांगल्या आराखड्यावरही आक्षेपाचं पत्र येतं.

आता खरी तपासणी. ती टेबलावरून सुरू होते आणि लगेच जंगलात जाते.

पहिल्यांदा पट्टा (दावा मान्य झाल्याचा हक्कपत्राचा कागद), नकाशा आणि आराखडा शेजारी ठेवा आणि तीन आकडे जुळतात का बघा: पट्ट्यातलं क्षेत्र, कक्षनिहाय बेरीज आणि आराखड्यातल्या कामांच्या क्षेत्राची बेरीज. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघणं दुर्मीळ नाही, कारण एकाच तुकड्यावर रोपवनही दाखवलेलं असतं आणि चरसुद्धा. मग सीमा चालून घ्या. मोबाईलचा जीपीएस दाट पानांखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे वळणाच्या प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं उभं राहून नोंद घ्या आणि सोबत खूणही लिहा: नाला, पाळ, मोठा मोह, सीमेचा दगड. ओढ्याच्या बाजूनं सीमा असेल तर काठ कुठला धरलाय तेही लिहा. शेजारच्या गावाचे दोन माणसं सोबत असलीच पाहिजेत. त्यांच्या बाया तुमच्या हद्दीतून मोहफुलं वेचत असतील तर तो त्यांचा जुना वापर आहे. तो आराखड्यात एका ओळीनं नोंदवला की पुढची दहा वर्षं शांततेत जातात; लपवला तर पहिल्या हंगामात भांडण आणि दुसऱ्या हंगामात आग.

सोबत वन विभागाकडून तुमच्या कक्षांपुरती वर्किंग प्लॅनची पानं आणि कक्षाचा इतिहास मागून घ्या. कोणत्या वर्षी कूप (तोडीसाठी आखलेला भाग) पडला, कधी रोपवन झालं, आग कधी लागली हे त्यात असतं. ज्या तुकड्यात दोनदा रोपवन होऊन गेलंय आणि आज तिथे काही दिसत नाही, तिथे तिसऱ्यांदा खड्डे खोदण्याआधी आधीची दोन का मेली याचं उत्तर आराखड्यात हवं.

त्यानंतर जंगलाचे तुकडे पाडा. कक्ष क्रमांकांनी नव्हे, गावात चालणाऱ्या नावांनी. गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया, बांबू आणणारे बुरूड कारागीर, वैदू, यांना नकाशा दाखवण्यापेक्षा त्यांच्यासोबत चाला आणि नावं विचारत जा. ४१२ हेक्टरला सात ते दहा तुकडे पुरतात. पंचवीस केलेत तर कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. प्रत्येक तुकड्याला एक पान. त्यावर आज काय उभं आहे, कोण काय आणतं आणि कोणत्या महिन्यात, पाणी कुठवर टिकतं, ढोरं कधी जातात, आग कुठून येते, कोणतं जनावर कुठे विण्यासाठी किंवा पाण्याला येतं, देवाचं ठिकाण कुठे. पानाच्या तळाशी निर्णय: वापर, मर्यादित वापर की पूर्ण राखीव. नाल्याच्या दोन्ही काठांना वीस-तीस मीटरचा पट्टा आणि देवाची जागा मी डोळे मिटून राखीवमध्ये टाकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं आपल्या जंगलाचा एक भाग असाच काहीही न काढता ठेवलाय. तिथून बी येतं, आणि बाकीचं जंगल कुठवर बिघडलं हे मोजायला शेजारी एक माप राहतं.

मोजणीशिवाय ही पानं म्हणजे आठवणींची वही. मोजणी अवघड नसते. एक दोरी घ्या, १७.८४ मीटर लांबीची. मध्ये एक माणूस उभा करून ती गोल फिरवली की आतलं क्षेत्र १,००० चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरचा दहावा भाग होतं. उतारावर दोरी जमिनीला चिकटवून नका धरू, आडवी ताणून धरा, नाहीतर वर्तुळ लहान पडतं आणि झाडं कमी मोजली जातात. आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर घेर घ्या आणि नाव लिहा. त्याच वर्तुळात पाच ठिकाणी १.७८ मीटरच्या दोरीनं लहान वर्तुळं घ्या (प्रत्येकी १० चौरस मीटर) आणि त्यात फक्त रोपटी मोजा. गुडघ्याखालची वेगळी, गुडघ्याच्या वरची ते डोक्याएवढी वेगळी. गुडघ्याखालच्या रोपांवर विसंबू नका, त्यातली बरीच उन्हाळ्यात जळतात. दुसऱ्या गटातली मुळं धरलेली असतात.

४१२ हेक्टरला अशी चाळीस मोठी वर्तुळं घेतली तर चार हेक्टर मोजलं जातं, साधारण एक टक्का. गावाच्या निर्णयाला तेवढं पुरतं. जागा निवडताना मात्र हात आवरा. नकाशावर ३२० मीटरची चौकट आखा आणि जिथे रेषा छेदतात तिथेच जा, मग तिथे काटेरी झुडूप असो वा खडक. ‘इथे चांगलं दिसतंय’ म्हणून दहा पावलं सरकलात की मोजणी खोटी झाली. चार जणांची टोळी दिवसाला चार-पाच वर्तुळं करते, म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम.

हे आकडे हातात आले की संस्थेच्या आराखड्यातल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे काम केलंच नाही, फक्त राखण केली, तर पाच वर्षांनी या तुकड्यात काय दिसेल? ज्या कामाला याचं उत्तर देता येत नाही ते काम निधीसाठी आलेलं असतं, जंगलासाठी नव्हे.

तुमचं ६० हेक्टरचं रोपवन घ्या. ३ मीटर × ३ मीटर अंतरानं हेक्टरी १,१११ खड्डे, एकूण ६६,६६०. आता त्या तुकड्यात सहा मोठी वर्तुळं पडली, म्हणजे तीस लहान वर्तुळं, एकूण ३०० चौरस मीटर. समजा त्यात गुडघ्यावरची २७ रोपटी सापडली. हिशोब हेक्टरी ९०० चा झाला. म्हणजे जमिनीनं स्वतःच जवळजवळ तेवढी रोपं ठेवलीत, फुकट, त्याच मातीत वाढलेली आणि उन्हाळा पचवलेली. त्यांच्यामध्ये पिशवीतली १,१११ रोपं खुपसायला खड्डे खोदले की आधीचीच मुळं तुटतात. अशा ठिकाणी लागतं ते साहाय्यित पुनरुत्पादन: खुंटाला फुटलेल्या आठ-दहा फुटव्यांतले एक-दोन सरळ ठेवून बाकी काढणं, वेली सोडवणं, तीन ते पाच वर्षं चराईबंदी आणि आगीपासून राखण. मी धरतो तो ठोकताळा असा की गुडघ्यावरची हेक्टरी ५०० च्या वर रोपटी सगळीकडे पसरलेली असतील तर रोपवन नको. ‘पसरलेली’ हा शब्द मोलाचा आहे. तिसांपैकी वीस वर्तुळं रिकामी आणि सगळी रोपं उरलेल्या दहांत दाटलेली असतील, तर सरासरी फसवते. मग रिकाम्या पट्ट्यांतच लावा, आणि मोह, चार, बेहडा, बिबा, आवळा अशी गावाला हवी ती. एकाच जातीची रांग नको.

जिथे खरंच लागवड हवी तिथे खड्डे उन्हाळ्यात खोदून माती तापू द्या, रोपं पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लावा. पावसाळा संपल्यावर मोजा, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजा. दुसरी मोजणी खरी. अंदाजपत्रकात नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं), निंदणी आणि राखणदाराची मजुरी किमान तीन वर्षांची आहे का बघा. पहिल्या वर्षी भरघोस खर्च आणि दुसऱ्या वर्षी शून्य असेल तर ते रोपवन फोटोपुरतं आहे. आणखी एक: राखण म्हणजे तारकुंपण असंच धरू नका. कुंपणावरचा पैसा बऱ्याचदा गुराख्याशी झालेल्या साध्या बोलीनं वाचतो, की दिवाळीपर्यंत ढोरं इकडे नाहीत, गवत मात्र कापून न्या.

चरांचं गणित जास्त डोळसपणे बघायला हवं. नेहमीचा सलग समतल चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. पाच मीटर अंतरानं घेतला तर हेक्टरी २,००० मीटर लांबी आणि ३६० घनमीटर माती उपसायची. उघड्या, गवतही नसलेल्या माळावर याचा फायदा होतो. पण जिथे झाडोरा आहे, पालापाचोळा पडतो आणि जमिनीखाली तेंदू-सागाच्या मुळांचं जाळं आहे, तिथे हेक्टरभर दोन किलोमीटर लांबीची जखम करण्यात अर्थ नाही. ९० हेक्टर ऐकूनच मला शंका येते. उतार, मातीची खोली आणि झाडोरा बघून तुकडे पाडलेत तर त्यातलं थोडंच चराला योग्य निघेल, आणि तिथेही सलगपेक्षा खंडित चर बरा, झाडाच्या विस्ताराखालची जागा सोडून. चर समपातळीत नसेल तर पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथून फुटतं आणि नवी घळ पडते. म्हणून पातळी नळीनं किंवा ‘ए’ फ्रेमनं (समपातळी बघायची ‘ए’ आकाराची लाकडी चौकट) आखणी केल्याशिवाय एकही फावडा लावू देऊ नका.

नाल्यातले अनघड दगडी बांध त्यामानानं स्वस्त आणि सुरक्षित, दोन गोष्टी पाळल्या तर. काम माथ्यापासून खाली यायचं. आणि बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खोलगट ठेवायचा, टोकं काठात हातभर घुसवायची. वरून सपाट बांध केला की पाणी बाजूनं वाट काढतं, काठ खातं आणि दोन पावसाळ्यांत बांध नाल्याच्या मधोमध बेटासारखा उभा राहतो. दगड नाल्यातले सुटे घ्या, काठ खणून काढलेले नकोत. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत आला की अंतर बरोबर.

आता बांबू, कारण तुमच्या आराखड्यातला सगळ्यात धोक्याचा आकडा तिथे आहे. मानवेलाची रांजी (एका जागी वाढलेलं बांबूचं बेट) तीन किंवा चार वर्षांतून एकदा तोडायची, म्हणून बांबूक्षेत्राचे तेवढे भाग पाडून दरवर्षी एकच भाग काढतात. समजा १८० हेक्टरवर बांबू आहे आणि चार वर्षांचा फेरा धरलाय. वर्षाला आले ४५ हेक्टर. वर्तुळांत सरासरी पाच रांज्या सापडल्या, म्हणजे हेक्टरी ५०. त्यातल्या दहा इतक्या लहान की हात लावायचा नाही. उरलेल्या चाळिसांतून नियम पाळून सरासरी पाच बांबू निघतात असं धरू. हेक्टरी २००, वर्षाला ९,०००. तुमच्या आराखड्यात आहे ४०,०००. हाच आकडा ४५ हेक्टरांतून काढायचा तर प्रत्येक रांजीतून बावीस बांबू न्यावे लागतील, म्हणजे रांजी भुईसपाट. ही चूक बहुधा कशी होते ते सांगतो: सगळ्या १८० हेक्टरांचा साठा धरायचा, २०० नं गुणायचं, ३६,००० येतात, थोडं वर चढवायचं, आणि चार वर्षांचा फेरा हिशोबात घ्यायचा राहूनच जातो. तुमच्या मोजणीचे आकडे घालून हे एकदा करून बघा.

तोडीचे नियम आराखड्यात शब्दांत लिहिलेले हवेत, ‘शास्त्रीय पद्धतीने तोड’ एवढं पुरत नाही. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा वास्ते (नवे कोंब) फुटतात आणि पायाखाली मोडतात. चालू वर्षाचा आणि गेल्या वर्षाचा बांबू राखायचा: पहिल्या वर्षाच्या बांबूवर कोष (पेरांवरची आवरणं) चिकटलेले आणि पांढुरकी भुकटी असते, दुसऱ्या वर्षी हिरवा पण कोष गळत आलेला, तिसऱ्या वर्षापासून पिवळसर आणि टिचकीला खणखणीत. दहापेक्षा कमी बांबूंची रांजी सोडून द्यायची. तोडल्यावर किमान आठ पक्के बांबू उभे राहिले पाहिजेत, तेही रांजीभर विखुरलेले, कारण नव्या वास्त्याला टेकू लागतो. तोड जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान आणि पेराच्या लगेच वर; पेराच्या मध्ये तोडलं की खुंटाची वाटी होते, पाणी साचतं आणि कंद कुजतो. नवे बांबू बाहेरच्या कडेला येतात, जुने आत असतात. मजूर मात्र कडेचे तोडतो कारण ते हाताशी येतात. म्हणून घोड्याच्या नालेसारखी एक बाजू मोकळी करून आत शिरायचं आणि जुने काढायचे. मजुरी नुसती नगावर ठेवली तर हा नियम पहिल्या आठवड्यात मोडतो. तोडलेल्या रांज्यांपैकी काही रोज तपासून मगच चुकारा, असं ठरवा. सगळीकडे फुलोरा आला तर फेरा थांबवायचा, बी गळू द्यायचं आणि मगच सुकलेला बांबू काढायचा, त्या वर्षापासून चराई पूर्ण बंद. हे कलम आत्ताच लिहून ठेवा. फुलोरा आल्यावर व्यापारी दारात उभा असताना लिहिता येत नाही.

वाहतूक परवाना देण्याचा अधिकार हातात आल्यावर काय होतं याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. मेंढा (लेखा) गावाला २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवाना पुस्तक मिळालं आणि गावानं बांबू विकला. पुस्तक हातात असणं म्हणजे प्रत्येक गाडीमागे नोंद असणं: तुकडा, नग, लांबी, खरेदीदार, तारीख. परवान्यांची बेरीज आणि कुपातल्या खुंटांची मोजणी जुळली पाहिजे. हीच तुमची सगळ्यात स्वस्त तपासणी.

तेंदूवर आराखड्यात उत्पन्नाचा आकडा असतो आणि आगीवर एक परिच्छेद, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. खरं तर ते एकच प्रकरण. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी), सुमारे दीड महिन्यानं कोवळं पान, मेमध्ये तोडणी. खुटकटाई हातानं करण्याऐवजी आग लावली की पान एकदम फुटतं, म्हणून आग लागते. मोहाखाली पाला जाळला की फुलं स्वच्छ वेचता येतात, म्हणूनही लागते. नुसतं ‘आग लावू नये’ लिहून ती थांबत नाही. खुटकटाईची मजुरी लिलावाच्या अटीत ठेकेदाराकडून आगाऊ घ्या. मोहाखाली झाडून पाला एका बाजूला करा किंवा जाळी पसरा आणि त्याचा खर्च आराखड्यात धरा. पाचगावनं तेंदू तोडणंच बंद केलं, फांद्या तुटतात आणि आगी लागतात म्हणून. प्रत्येक गावाला ते परवडेल असं नाही. मधला मार्ग म्हणजे दरवर्षी एखाद-दोन तुकडे तेंदूला विश्रांती, तिथे फळ धरू द्यायचं, आणि फांदी तोडून पान काढणाऱ्याचे पुडे फळीवर (पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) घ्यायचे नाहीत.

जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) १५ फेब्रुवारीच्या आत साफ हव्यात, आगीचा हंगाम तिथून १५ जूनपर्यंत धरतात. रेषा कुठे हवी हे सीमेवरून ठरवू नका. आग कोणत्या वाटेनं येते ते गुराखी सांगतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रह सूचना मोबाईलवर मिळतात, दोन-तीन तरुणांचे नंबर नोंदवून ठेवा. पण लहान, पालापाचोळ्यातली आग उपग्रहाला उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. डोंगरावरचा माणूस हवाच.

घाणेरीचं (तुमच्याकडे रायमुनिया म्हणत असतील) थोडक्यात: वरून छाटली की दुप्पट फुटते. मातीखाली तीन-पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं, फळं धरण्याआधी. मोकळ्या जागी लगेच गवत पेरायचं आणि पुढची दोन वर्षं पुन्हा फिरायचं. आराखड्यात एकाच वर्षाचा खर्च दाखवला असेल तर तो वाया गेला समजा.

इथवरचं मिळून म्हणायचं तर: कागद जुळवा, सीमा चाला, नावाचे तुकडे करा, मोजा, आणि मग प्रत्येक कामाला ‘नाही केलं तर?’ विचारा. यानंतर उरतो आढावा, आणि बहुतेक आराखड्यांत तो ‘दरवर्षी मूल्यमापन करण्यात येईल’ या एका वाक्यात संपतो. कोण, कधी, काय बघून, आणि आकडा किती झाला की काय बदलायचं, हे लिहिलं तरच आढावा होतो.

मी दोन फेऱ्या सुचवतो. दिवाळीनंतर एक: रोपं, नवे बांबू, चर-बांधांची स्थिती. मे महिन्यात एक: आग, चराई, पाणी कुठवर टिकलं. चाळीसपैकी दहा वर्तुळांच्या मध्यावर दगड रंगवून ठेवा आणि दरवर्षी तीच मोजा. प्रत्येक तुकड्यात एका ठरलेल्या दगडावरून, त्याच दिशेला, त्याच महिन्यात एक फोटो. आणि थांबण्याच्या खुणा आधीच ठरवा. उदाहरणार्थ, तोडलेल्या कुपात पुढच्या पावसाळ्यानंतर रांजीमागे सरासरी दोनही नवे बांबू आले नाहीत तर तो भाग पुढचा फेरा वगळायचा. तुकडा जळला तर पुढची दोन वर्षं तिथे चराई नाही. रोपवनात दुसऱ्या जूनला निम्मीसुद्धा रोपं जगली नसतील तर पुढचा हप्ता लागवडीवर नाही, कारण शोधण्यावर. हे आकडे माझे नका घेऊ, सभेत भांडून तुमचे ठरवा. भांडून ठरलेला नियम गाव पाळतं. आढावा घेणाऱ्यांत ज्यांनी काम केलं ते नकोत, आणि निम्म्या बाया हव्यात, कारण सरपण, मोह आणि पाणी कमी झाल्याचं त्यांना आधी कळतं.

पैशाबद्दल एवढंच की कामं तीन गटांत लावा: पैसा नसतानाही होणारी (राखण, चराईचे नियम, तोडीचे नियम), गावाच्या उत्पन्नातून होणारी, आणि रोजगार हमी किंवा इतर योजनेतून मागायची. बाहेरून आलेल्या योजनेला तुकडा मोकळा दिसला म्हणून काम देऊ नका. आधी तुकड्याचं पान उघडा. बांबू-तेंदूच्या विक्रीसाठी ग्रामसभेचं बँक खातं, पॅन आणि जीएसटी नोंदणी लिलावाआधी झालेली असावी, नाहीतर पहिल्या वर्षीचा बराच पैसा अडकून पडतो.

आता संस्थेला काय सांगायचं. रागानं नाही, लेखी सांगा: अंदाजपत्रक आणि कामांची प्रकरणं स्थगित, सीमा व वापराची माहिती दुरुस्तीसह स्वीकारली, मोजणीसाठी तीन महिने. पुढच्या ग्रामसभेत ठराव मंजुरीचा न घेता एवढाच घ्या: आराखड्याचा मसुदा वाचून दाखवला, मोजणी पथकात अमुक जण, अमुक तारखेपर्यंत तुकड्यांची पानं सभेसमोर. वाचून दाखवणं खरंच करा, गोंडीत किंवा जी घरात बोलतात त्या भाषेत. सत्तर पानं कुणी ऐकणार नाही, पण ‘दरवर्षी ४०,००० बांबू’ हे वाक्य ऐकल्यावर बुरूड काय म्हणतात ते लिहून घ्या.

अंतिम आराखडा मंजूर झाला की ठरावाच्या प्रतीसह उपवनसंरक्षक आणि जिल्हास्तरीय वनहक्क समितीला पोच घेऊन द्या, आणि वर्किंग प्लॅनशी कुठे सांगड घातली व कुठे बदल हवाय ते एका स्वतंत्र पानावर कक्षनिहाय लिहा. आक्षेपाचं पत्र आलं तर सगळ्या आराखड्याचा बचाव करत बसू नका, ज्या तुकड्याबद्दल आक्षेप आहे त्याचं पान आणि मोजणीचा तक्ता जोडून उत्तर द्या. मोजणी नोव्हेंबरात सुरू केलीत तर पालापाचोळा पडायच्या आत रोपटी दिसतात आणि १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषांची जागाही ठरलेली असते. दोरी १७.८४ मीटरचीच घ्या, नायलॉनची नको, ती ताणते.